संकटाची खूण आणि मानवाचे कर्तव्य

समुद्रमंथनातून निघालेले हलाहल श्रीशंकरांनी कंठात धारण केले आणि ते नीलकंठ झाले. ती निळी खूण विष लपवीत नाही. ते कोठे आहे, हे दाखविते. पालघर परिसरातील वारली समाज लाकडावर वा दगडावर वाघ कोरून वाघोबाची पूजा करतो. ज्याचे भय, त्याचेच तेथे स्मरण असते. नवापूरसारख्या किनाऱ्यावरील मच्छीमारास वादळाची सूचना देणारा बंदरावरील बावटा परिचित असतो.

नवापूरजवळच तारापूर येथे १९६९ मध्ये भारतातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. किरणोत्सर्ग डोळ्यांस दिसत नाही. त्याची तीन पाकळ्यांची खूण १९४६ साली अमेरिकेतील बर्कली येथे निर्माण झाली. वाघ पाहताच मनुष्य सावध होतो. या पाकळ्यांचा अर्थ मात्र शिकवावाच लागतो.

मग खूण लावली की कर्तव्य संपते काय? बावटा पाहूनही होडी लोटणारा स्वतः दोषी ठरतो. परंतु ज्यास खुणेचा अर्थ कोणी सांगितलाच नाही, त्याचा दोष कसा मानावा? काही किरणोत्सर्गी द्रव्ये हजारो वर्षे घातक राहतात. म्हणून खुणेबरोबर तिचा अर्थही पुढील पिढीच्या हाती सोपविणे, हाच खरा धर्म होय.