थांबू शकणारा खर्च

भिवापुरात कुणी जुनी गाडी घेतली की ‘केवढ्याला पडली?’ हे लोक नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘मिस्त्री कोण हाय?’ या प्रश्नात व्यवहाराची खरी जाण आहे. सेकंडहँड गाडीची किंमत एकदाच मोजायची असते, पण ती पोसायला काय लागेल हे मालकाच्या आणि मिस्त्रीच्या समजेवर ठरतं. एमएच ४० पासिंगची, पंधरा वर्षं चाललेली तीच अल्टो एका घरी ऑइल-फिल्टरवर वर्ष काढते आणि दुसऱ्या घरी दर महिन्याला नवा पार्ट खाते. कंपनी तीच, इंजिन तेच, उमरेड रोडवरचे खड्डेही तेच.

आपली गाडी आपणच खोलावी, पैसे वाचतात, हा सल्ला हल्ली आपल्याकडेही फिरतो. त्याचा जन्म अमेरिकेसारख्या देशातला. तिथे मिस्त्रीचा तास इतका महाग असतो की बिलात मजुरी पार्टला सहज मागे टाकते. तालुक्याच्या गावी चित्र उलटं आहे. इथे मजुरी ही बिलातली सगळ्यात लहान रक्कम. दोन-तीनशे रुपये वाचवायला पान्यांचा सेट, जॅक, स्टँड असा संसार मांडायचा आणि अख्खा रविवार काळ्या हातांनी घालवायचा, ही हौस म्हणून ठीक, काटकसर म्हणून नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं तर कोणत्याच हिशोबात बसत नाही.

मग मालकाने बॉनेट उघडायचंच कशाला? निदानासाठी. जुन्या गाडीचं बिल मजुरीने फुगत नाही, चुकीचा पार्ट बदलल्याने फुगतं. मिस्त्रीकडे चार गाड्या उभ्या असतात, आपली पाचवी. ‘भाऊ, गाडी तापून रायली’ एवढंच सांगून चावी त्याच्या हाती ठेवली, तर तो अंदाजाने सुरुवात करणार. त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. त्याच्यापुढे माहितीच तेवढी ठेवलेली असते.

तापणाऱ्या गाडीचंच घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीपार जातो आणि निम्म्या जुन्या गाड्यांना हाच आजार होतो. ठरलेला पहिला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे. हा छोटा व्हॉल्व साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून धरतो. तो काढला की काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण आता इंजिन बराच वेळ थंडच चालतं, जास्त पेट्रोल पितं, आणि हिवाळ्यात ‘अ‍ॅव्हरेज का पडला?’ म्हणून पुन्हा गॅरेजची फेरी होते. मूळ दुखणं तसंच राहिलेलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात रेडिएटर बदला, मग वॉटर पंप बदला.

या सगळ्याआधी पाहण्याच्या गोष्टी दोनच, आणि त्यांना पानाही लागत नाही. गाडी सावलीत सुरू ठेवून काटा अर्ध्याच्या वर सरकेपर्यंत थांबायचं आणि रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो का ते पाहायचं. नाही फिरला तर दुखणं फ्यूज, रिले, स्विच किंवा पंख्याच्या मोटरीत आहे, रेडिएटर बिचारा निर्दोष आहे. दुसरी गोष्ट रेडिएटरचं झाकण. ते इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर वाफ तोंडावर येते. झाकणाच्या आतलं रबर बोटाने दाबून पाहायचं. ते कडक झालेलं, चिरलेलं असेल तर झाकण दाब धरत नाही, आणि दाब नसला की शंभर अंशांनाच पाणी उकळायला लागतं. दाब धरला तर तेच पाणी त्याच्या बरंच पुढे टिकतं. झाकण बदलायचा खर्च रेडिएटरपुढे काहीच नाही. आणि बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं तर आधी बंदच करावं. चहाच्या भांड्यावर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. तिथे तो चमच्याने खरवडता येत नाही.

हे मालकाने पाहिलेलं असलं की मिस्त्रीशी बोलणंच बदलतं. ‘तापते’ऐवजी ‘पंखा लागत नाही, फ्यूज चांगला आहे’ असं वाक्य तयार होतं. एवढ्या एका वाक्याने हजारो रुपये वाचू शकतात. चांगल्या मिस्त्रीलाही असा गिऱ्हाईक आवडतो. नावडलाच, तर तेही मिस्त्रीचं निदानच समजावं.

पण जुन्या गाडीचं अर्थशास्त्र एवढ्यावर संपत नाही. नवी गाडी विश्वासाची, जुनी खर्चिक, असं शहरातला पगारदार सहज म्हणून जातो. त्याच्या जागी तो बरोबर आहे, कारण त्याचा पैसा दर महिन्याच्या एक तारखेला येतो. भिवापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या हाती सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो. भौगोलिक मानांकन मिळालेली इथली मिरची हिवाळ्यात तोडणीला येते. कधी भाव देते, कधी रोगाने झोपते. अशा घराने पाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला १०,३७९ रुपये हप्ता बसतो आणि शेवटी सव्वा लाखाच्या जवळपास नुसतं व्याज जातं. तोवर गाडीचं मोल किती उरतं? विम्याच्या कागदावर पाचव्या वर्षात गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे व्याज गेलं ते गेलं, निम्मी गाडीही गेली. तरी खरी अडचण या रकमेत नाही. खरी अडचण आहे ती जुलै महिन्यात, खत-फवारणीत सगळा पैसा गेलेला असताना तोच हप्ता ठरल्या तारखेला दारात उभा राहतो त्याची.

जुन्या गाडीचा खर्च असा तारखेचा बांधलेला नसतो. सायलेन्सर फुटला तर फटफट आवाज करत दोन महिने निघतात. एसी बंद असला तर काच खाली करता येते. रंग उडाला, सीट फाटली, पावर विंडो अडकली, या सगळ्यांना सोयाबीन निघेपर्यंत दम धरायला सांगता येतं. मिस्त्रीही ‘मंग द्या ना भाऊ’ म्हणून वहीत नाव लिहून ठेवतो. ही पद्धत काही नवी नाही. बंडीचं चाक, वखराची पास दुरुस्त करणाऱ्या सुतार-लोहाराला रोजच्या रोज पैसे कोण देत होतं? खळ्यावर रास झाली की त्याच्या वाट्याचं धान्य निघायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त या बलुत्याच्या व्यवहाराची चिरफाड केली, त्यातला अन्याय आणि अडवणूक दोन्ही मांडली. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. पण दुरुस्तीचा खर्च पिकाच्या तारखेला बांधलेला होता, ही तिच्यातली एक शहाणी गोष्ट, आणि बँकेच्या हप्त्याला ती अजून साधलेली नाही.

म्हणून माझ्या मते जुनी गाडी बाळगण्याचं कसब पाना फिरवण्यात थोडं आणि निवड करण्यात जास्त आहे: कोणतं काम थांबू शकतं आणि कोणतं नाही. इथेच माणसं घसरतात, कारण आवाज करणारं दुखणं बहुधा थांबू शकतं आणि न थांबणारं बहुधा आवाजच करत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डबीतली पातळी बरोबर दिसते, पण लांबच्या उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ लागतं. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी दाखवणारा नक्षी किती शिल्लक आहे ते कौतुकाने दाखवतो, हे आकडे दाखवत नाही. फार न फिरलेल्या गाडीचं टायर झिजत नाही, वाळतं. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट आहे, त्यांतल्या काहींत तो तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि एका बेल्टच्या उधारीत अख्खं इंजिन खोलावं लागतं. धान्याच्या खोलीजवळ गाडी लावणाऱ्याने उंदरांचाही हिशोब धरावा. त्यांना वायरिंगचं आवरण सोयाबीनइतकंच रुचतं.

सरकारचा खर्च मात्र कुणासाठी थांबत नाही. पंधरा वर्षं झाली की रीपासिंग, तेही पाच वर्षांपुरतं. कारसाठी ही फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,००० केली. वर पर्यावरण कर, पीयूसी, ७४५ रुपये अधिक जीएसटीची नवी नंबर प्लेट. हजार सीसीच्या आतल्या कारला थर्ड पार्टी विमा २०२२ सालच्या दराने वर्षाला २,०९४ रुपये, जीएसटी वेगळा. ही गाडी आता रस्त्यावर नको, असंच हे आकडे सांगतात. धुराबाबत त्यात तथ्यही आहे. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाडीपुढे जुनं इंजिन घाणच करतं. पण तालुक्याला दुसरं काय दिलं, हेही याच दमात विचारलं पाहिजे. नागपूर-नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. रात्री म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली आणि नागपूरच्या मेडिकलला न्यायचं ठरलं, तर दारातली जुनी अल्टो हीच घरची अ‍ॅम्ब्युलन्स असते. तिच्या रीपासिंगचे पाच हजार हा माणूस कुरकुरत का होईना, भरतो तो यासाठी.

मात्र याच प्रवासात तिची एक उणीव उघडी पडते, आणि ती कोणत्याही मिस्त्रीला भरून काढता येत नाही. ड्रायव्हरसाठीची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ती बहुतेक नसायचीच. उमरेडच्या कोळशाचे ट्रक समोरून येत असताना पातळ पत्र्याच्या गाडीत रात्री बसणं, हाही मालकीचा खर्चच आहे. तो कुणाच्या वहीत लिहिला जात नाही एवढंच. जुन्या गाडीची बाजू घेणाऱ्याने, म्हणजे मीही, तो धरूनच बोललं पाहिजे. मागच्या सीटवरचे पट्टे बहुतेक गाड्यांत सीटखाली दबून पडलेले असतात. ते वर काढून लावायला एक पैसा लागत नाही.

जुन्या गाडीच्या बाजारभावातही हीच सगळी समज मुरलेली असते. नागपुरात मोठी, सनरूफवाली, दहा वर्षांची सेडान कधी कधी साध्या अल्टोच्या भावात मिळते आणि गावाकडचं एखादं तरुण पोरगं हुरळून जातं. ती स्वस्त असते, कारण तिला उघडणारा माणूस साठ-पासष्ट किलोमीटरच्या अलीकडे सापडत नाही. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला तो याच दुखण्यावर: सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रीपासून राखून ठेवणं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२च्या डिसेंबरात केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही काढलं, त्यात वाहनं आहेत.

आजच्या बीएस-६ गाड्या आणखी दहा-बारा वर्षांनी तिसऱ्या मालकाच्या हाती भिवापुरात येतील. त्यांच्या दुखण्याची पहिली खबर आवाजातून नव्हे, एरर कोडमधून मिळेल. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यातून निघालेल्या पोराला स्कॅनर परवडेल का आणि कंपनी त्याला आतली माहिती वाचू देईल का, यावर त्या गाड्यांचा भाव ठरेल. कोड वाचता आला नाही, तर तोही अंदाजाने सेन्सर बदलत सुटेल, आणि सेन्सर काही थर्मोस्टॅटसारखा काढून फेकता येत नाही.