पन्नास प्रश्न, साठ मिनिटं

नाशिक,
रविवार, रात्र

चि. मुक्ता हिस,


तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला पेपर मिळाला. कोपऱ्यावरून प्रिंट काढून आणली आणि समोर घड्याळ ठेवून सोडवायला बसलो. ५० प्रश्न, ६० मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलं की पाव गुण वजा. ३८ वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचे ४२ प्रश्न झाले, त्यातले तीन तर अंदाजपंचे. मामी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "गेले की काय पहिल्या नंबरातून?"

मंडळाच्या गणपतीत फॅन्सी ड्रेस आणि पाककृतींच्या जोडीला या वर्षी गणिताची स्पर्धा घ्यायची आणि ती तू अंगावर घ्यायची, याचं मला फार कौतुक आहे. ते इथेच उरकून टाकतो, कारण पुढचं जरा टोचेल. पत्र ताईला दाखवू नकोस. ती म्हणेल, पोरगी नोकरीला लागली तरी हा अजून तिच्या वह्या तपासतोय.

तुझा पेपर वाईट नाही. तो शिष्यवृत्तीच्या तयारीचा आहे, इतकंच. तुमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली निम्मी मुलं असले पेपर दर शनिवारी क्लासमध्ये सोडवतात. त्यांना गणपतीतही तेच दिलंस तर क्लासमध्ये पहिला येणारा इथे पहिला येईल, बाकीच्यांना आपण 'ढ' असल्याची आणखी एक पावती मिळेल, आणि मोदक खाऊन सगळे घरी जातील. त्यासाठी तू चार रविवार कशाला घालवायचेस?

एक हिशेब करून बघ. ६० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे पाचवीतल्या पोराला एका गणितासाठी ७२ सेकंद. आता दुसरं टोक बघ. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये जगभरातली निवडक मुलं दोन दिवस बसतात, रोज साडेचार तास, आणि रोजचे प्रश्न तीन. म्हणजे एका गणिताला दीड तास. १९९६ साली ही स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती. ज्यांच्या डोक्याचा वेग खरोखर अफाट, त्यांना आपण दीड तास देतो आणि सोसायटीतल्या मुलांना सव्वा मिनिट. कुठेतरी काहीतरी उलटं झालंय.

आणि ही ऑलिंपियाडची चैन नव्हे. अशा स्पर्धांचं मूळ हंगेरीत. तिथल्या गणित आणि भौतिकशास्त्राच्या मंडळाने १८९४ साली शाळा संपवलेल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. प्रश्न तीनच, आणि सोबत हवं ते पुस्तक, हवी ती वही न्यायला मोकळीक. कारण उत्तर पुस्तकात सापडेल असा प्रश्नच ते काढत नसत. त्याच वर्षी दानिएल अरनी नावाच्या एका शिक्षकाने मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. दर महिन्याला त्यात प्रश्न यायचे, मुलं पोस्टाने उत्तरं पाठवायची आणि चांगली उत्तरं मुलांच्या नावानिशी छापली जायची. विचार कर, खेड्यातल्या एखाद्या मुलाला एक गणित महिनाभर पुरायचं. १८९८ साली ती स्पर्धा जिंकणारा फॉन कार्मान पुढे विमानशास्त्रातला मोठा माणूस झाला, १९२५ साली जिंकणारा टेलर हायड्रोजन बॉम्बवाला. आपल्याला डोंबिवलीत टेलर घडवायचा नाही, आणि त्याने पुढे काय केलं ते पाहता घडवूही नये. पण एक गणित चार दिवस डोक्यात घेऊन फिरणारं पोर घडवता आलं तर मला हवंय.

तेव्हा ५० चे पाच कर आणि ६० मिनिटांचे दोन तास. पर्याय काढून टाक, वजा गुण काढून टाक. पाचवी-सहावीचा एक गट, सातवी-आठवीचा दुसरा. पहिला प्रश्न असा, की आलेल्या प्रत्येक पोराला तो सुरू करता आला पाहिजे. कोऱ्या कागदावर नाव घालून दोन तास पंख्याकडे बघत बसलेलं पोर मी पुष्कळदा पाहिलंय. ते पुन्हा कधी गणिताकडे फिरकत नाही. शेवटचा प्रश्न मात्र कुणालाच सुटला नाही तरी चालेल.

पहिला प्रश्न मी तुला आयता देतो. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा. उत्तराच्या अंकांशी पुन्हा तेच. माझ्या जुन्या डायरीवर २०२४ साल होतं, तेच घेऊन बघ:

४२२० − ०२२४ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ घेऊन करून बघ, पुन्हा ६१७४च येतं. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबता. हा शोध आमच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांचा, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते शाळेत शिकवत होते. त्यांच्या आकड्यांच्या वेडाला आपल्याकडच्या बड्या गणितज्ञांनी फारसं मोजलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा कुठे जगाला ते ठाऊक झाले.

या प्रश्नात वजाबाकीपलीकडे काही येत नाही, म्हणून तो सगळ्यांचा. पण त्यात एक खड्डा आहे. एखादं पोर २१११ घेईल. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. पोर शून्य गिळून टाकेल, ९९९ मधून ९९९ वजा करेल आणि 'सर, माझं शून्यच आलं' म्हणून रडवेलं होईल. त्याला शून्य गुण देऊ नकोस. त्याला विचार, चार अंकांचा खेळ होता ना, मग चौथा अंक कुठे गेला? ०९९९ लिहून ते पुढे गेलं की ८९९१, ८०८२, ८५३२ करत बरोबर मुक्कामाला पोचेल. त्या दिवशी त्याला शून्याची जागा जितकी कळेल तितकी तीन वर्षांत कुणी शिकवली नसेल.

दुसरा प्रश्न तुमच्या गावचाच. कापरेकरांनी काही संख्यांना 'डेमलो संख्या' असं नाव दिलं. डेमलो म्हणजे तुमची डोंबिवली, जी.आय.पी. रेल्वेच्या काळात त्या स्टेशनचं नाव असं होतं, आणि त्या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली. त्यातल्या सगळ्यात देखण्या म्हणजे ११ गुणिले ११ बरोबर १२१, १११ गुणिले १११ बरोबर १२३२१, ११११ गुणिले ११११ बरोबर १२३४३२१. सातवी-आठवीच्या गटाला एवढंच विचार, हा डोंगर कुठपर्यंत टिकतो आणि कुठे ढासळतो, आणि का? नऊ एकांपर्यंत तो उभा राहतो, दहाव्याला हातचा येऊन मोडतो. 'का' लिहिणाऱ्याला जास्त गुण. आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून ज्यांना रोज फक्त लोकलची गर्दी दिसते, त्या मुलांना कळू दे की या स्टेशनचं नाव गणितात आहे.

आता माझी एक चूक सांगतो. ती मी आजवर कुणाला लिहून दिलेली नाही.

मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. गावातल्या वाचनालयातर्फे आम्ही अशीच स्पर्धा घ्यायचो, पेपर मीच काढायचो. एक प्रश्न होता: कॅरमच्या स्पर्धेत ३७ खेळाडू आहेत. हरला तो बाद. विजेता ठरेपर्यंत एकूण किती सामने होतील? माझं आदर्श उत्तर तयार होतं. पहिल्या फेरीत १८ सामने, एकाला पुढे चाल; मग ९, मग ५, मग २, १ आणि १. बेरीज ३६. सातवीतल्या एका मुलीने एकच ओळ लिहिली होती: '३६, कारण प्रत्येक सामन्यात एक जण घरी जातो.' रीत नाही, फेऱ्या नाहीत, बेरीज नाही. मी तिला पाचपैकी एक गुण दिला आणि शेजारी लाल अक्षरांत लिहिलं, 'रीत दाखवावी.' मनात म्हटलं, पुढच्या बाकावरचं बघितलेलं दिसतंय.

निकाल लागून गेला. दोन दिवसांनी शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. कोपऱ्यात आमचे पी.टी.चे सर शिट्टीची दोरी गुंडाळत बसले होते. ते म्हणाले, "मग बरोबरच आहे की मास्तर. कबड्डीचे सामने लावताना आम्ही असंच मोजतो. जेवढे संघ, त्याहून एक कमी. एक सोडून सगळ्यांना हरायचंच असतं ना?"

मुक्ता, माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सबंध पेपरातला खरा गणिती विचार त्या एका ओळीत होता, आणि मी त्याला लाल शाईने खोडला होता. चार गुणांनी तिचा नंबर हुकला होता. मी तिच्या वर्गात जाऊन चूक कबूल करायला हवी होती. नाही केली, तेव्हा वाटलं, मास्तरने असं केलं तर पोरं डोक्यावर बसतील. ती तक्रार करायला आली नाही. पुढच्या वर्षी तिने फॉर्मच भरला नाही.

म्हणून तुला सांगतो, प्रत्येक कागद दोघांनी तपासा, आणि त्यातला एक जण गणिताचा शिक्षक नसला तर उत्तम. आदर्श उत्तरपत्रिका पहिल्या वाचनाला समोर ठेवूच नका. पोरांना आधीच बजाव: खाडाखोड चालेल, खोडरबर नको, कच्चं काम त्याच कागदावर करा, आम्ही ते वाचणार आहोत. चुकीच्या वाटेने दूरवर गेलेल्यालाही काही गुण द्या.

किरकोळ गोष्टी भराभर लिहितो. प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छाप. सेमीच्या मुलांना 'लसावि' म्हटलं की ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला 'एलसीएम'ने घाबरवण्यात काय मजा? संख्या आकड्यांतच लिही, वाचून दाखवू नकोस. 'एकोणऐंशी' म्हटलं की इंग्रजी माध्यमातली निम्मी मुलं ८९ लिहितात, तो दोष त्यांच्या गणिताचा नव्हे. छापायला देण्याआधी पेपर तू स्वतः सोडव, मग शेजारच्या आठवीतल्या पोराकडून सोडवून घे. कुठला प्रश्न दोन अर्थांचा आहे ते तोच दाखवील.

फ्लेक्सचं तू विचारलंस. क्लासवाले खर्च करायला तयार आहेत, मोबदल्यात मुलांची नावं आणि पालकांचे फोन नंबर मागतायत. देऊ नकोस. पाच पानांच्या झेरॉक्सला आणि वडापावला लागणारे पैसे मंडळाकडे आहेत. कमी पडले तर मी देतो. आणि फ्लेक्सवर 'गणिताचा बादशहा' लिहायचं चाललंय म्हणालीस, ते कृपा करून पुसून टाक. पालकांना दोन तास खाली गणपतीपाशी बसव. वर्गाच्या खिडकीतून खुणा करणारे वडील मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे बघून बरोबर उत्तर खोडणारी मुलंही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेपर गोळा केल्यावर मुलांना सोडू नकोस. वडापाव दे आणि त्याच वर्गात फळ्यापाशी बसव. एकेक प्रश्न घे आणि कुणी काय केलं ते मुलांकडूनच सांगून घे. आपण बोलायचं नाही. रशियात लेनिनग्राडच्या ऑलिंपियाडमध्ये शेवटची फेरी तोंडीच असायची. सोडवलं की उठायचं, परीक्षकासमोर जाऊन सांगायचं. त्याने चूक दाखवली की परत जागेवर जाऊन विचार करायचा. आपल्याला तेवढी माणसं मिळायची नाहीत, पण फळा आणि तासभर वेळ मिळेल. एक पोर म्हणेल, मी फेऱ्या मोजल्या. दुसरं म्हणेल, मी हरणारे मोजले. तेव्हा पहिल्याचा चेहरा बघ. बक्षीस समारंभ रद्द झाला तरी चालेल, हा तास रद्द करू नकोस.

बक्षिसांत ढाली नकोत, त्या माळ्यावर जातात. पुस्तकं दे, आणि आलेल्या प्रत्येकाला एक कागद दे, ज्यावर न सुटलेला एक प्रश्न आणि खाली तुझा पत्ता. उत्तर दिवाळीपर्यंत आलं तरी चालेल असं लिही.

मी शनिवारी पंचवटीने कल्याणला उतरून लोकलने येतो. तपासायला बसेन, पण दुसऱ्या वाचनाला. पहिलं वाचन तू कर. आणि टेबलावर लाल पेन ठेवू नकोस, पेन्सिली ठेव.

तुझा,
मामा