सब्र म्हणजे मुकाट सोसणे नव्हे

कार्यालयातील कामाचा ताण असह्य झाला, रात्रीची झोप उडाली, मुलांशी बोलतानाही मन कामातच गुंतून राहू लागले, की घरातील वडीलधारी माणसे सांगतात, ‘सब्र करा.’ हा सल्ला प्रेमाचा असतो आणि खराही असतो. परंतु सब्र म्हणजे नेमके काय, हे समजून न घेता तो दिला गेला, तर माणूस सावरण्याऐवजी आतल्या आत खचत जातो.

वारणानगरच्या परिसराला हा प्रश्न परका नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणाकाठी साखर कारखाना उभा राहिला, पुढे दूध संघ आणि शिक्षणसंस्था आल्या, आणि शेतीवर जगणाऱ्या अनेक घरांत पगाराची नोकरी आली. कार्यालय कोणतेही असो, मार्चअखेर आली की हिशेब, ताळेबंद आणि वसुलीचे आकडे यांपुढे तहानभूक हरपते. येथून अभियंते होऊन निघालेली मुले पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जातात. तेथे तर इशाच्या नमाजनंतरही मोबाइलवर साहेबांचे निरोप येत राहतात.

त्याच पुण्यात २०२४ साली एका बड्या कंपनीत रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी चार महिन्यांतच मरण पावली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून अतिकामाला दोष दिला. कंपनीने तो मान्य केला नाही. निवाडा करणे आपले काम नव्हे. परंतु त्या पत्रातून उभा राहणारा प्रश्न आपल्याही घराचा आहे. आपली मुले कामाला कधीच ‘नाही’ म्हणत नाहीत, तेव्हा तो त्यांचा सद्गुण मानावा काय?

हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत इतके मग्न झाले, की पत्नीकडे आणि स्वतःच्या शरीराकडे त्यांचे लक्ष उरले नाही. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना जेवू घातले, झोपायला लावले आणि समजावले, की पालनकर्त्याचा जसा आपल्यावर हक्क आहे, तसा शरीराचा आणि कुटुंबाचाही आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. विचार करा, वाचकहो! जेथे इबादतीलाही शरीराचा व कुटुंबाचा हक्क गिळण्याची मुभा नाही, तेथे नोकरीला ती कोठून मिळणार?

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हाताखालच्या माणसांवर त्यांच्या शक्तीपलीकडचे काम लादू नये, आणि द्यावेच लागले तर स्वतः हातभार लावावा, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकत नाही, ही कुरआनची शिकवण आपण संकटात आठवतो. परंतु इतरांवर भार टाकताना विसरतो. आपल्यापैकी जो साहेब आहे, दुकानदार आहे, ठेकेदार आहे, त्याला याचा जाब द्यावा लागेल.

‘पण नोकरी गेली तर?’ घराच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना ही भीती खोटी नाही. मात्र रोजी देणारा अल्लाह आहे. नोकरी हे केवळ साधन आहे. ठरलेल्या वेळेत प्रामाणिकपणे काम करणे ही अमानत आहे, आणि त्यापलीकडचे ओझे वरिष्ठांपुढे नम्रपणे, स्पष्टपणे मांडणे ही कृतघ्नता नव्हे. आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, हीच तवक्कुलची रीत आहे.

मन दुखावणे हे ईमान कमी असल्याचे लक्षणही नव्हे. हजरत याकूब (अलै.) पुत्रवियोगाने रडून रडून दृष्टी गमावून बसले, तरी त्यांचा सब्र कुरआनने गौरविला, आपले दुःख त्यांनी अल्लाहपुढे बोलून दाखविले. दहाव्या शतकात निधन पावलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आरोग्यासोबत मनाच्या आरोग्यावरही ग्रंथ लिहिला. स्वस्थतेच्या काळातच धीराचे विचार मनात साठवून ठेवावेत, म्हणजे कठीण वेळी ते औषधासारखे हाताशी येतात, असे त्यांचे सांगणे होते.

म्हणून नमाजच्या वेळी मोबाइल दूर ठेवा; ती काही मिनिटे कामाची नाहीत. घरात कोणी गप्प गप्प राहू लागले, तर उपदेशाआधी त्याचे ऐका. झोप आणि भूक हरपली, जगणे नकोसे वाटू लागले, तर दुआसोबत डॉक्टरांकडे जा, औषधोपचार करण्याची आज्ञा प्रेषितांचीच (स.) आहे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. सब्र म्हणजे सत्यावर आणि कर्तव्यावर टिकून राहणे. आणि अल्लाहने दिलेला हा जीव सांभाळणे, हेही कर्तव्यच आहे.