पादुकांचा मुखत्यार

नेतृत्वाची मीमांसा करताना पुढे चालणाऱ्यावरच दृष्टी खिळवून ठेवण्याची आपली खोड जुनी आहे. मागून येणाऱ्यास निष्ठेचे प्रशस्तिपत्र दिले की आपण मोकळे होतो, आणि त्या निष्ठेत विवेक किती व निव्वळ आळस किती, याची चौकशी करण्याच्या भरीस सहसा पडत नाही. वाल्मीकींचा भरत मात्र ही चौकशी टाळू देत नाही. आयते चालून आलेले राज्य त्याने नाकारले, हे सर्वतोमुखी आहे. परंतु चित्रकूटावर विनवण्या आणि युक्तिवाद संपल्यानंतर त्याने सुमंत्रास दर्भ अंथरण्यास सांगितले, सुमंत्र रामाच्या मुखाकडे पाहत राहिला तेव्हा ते स्वतःच अंथरले, आणि ऋणकोच्या दारी निराहार बसणाऱ्या धनकोप्रमाणे तो रामापुढे चक्क धरणे धरून बसला, हा प्रसंग आपण घाईने ओलांडतो. क्षत्रियाला हा मार्ग विहित नाही, असे सांगून रामाने त्याला उठविले, ही गोष्ट वेगळी. ज्याला आपण आदर्श अनुयायी म्हणतो त्याने प्रथम आपल्या स्वामीस अडवून पाहिले, हे मला पादुका मस्तकी धरण्याहूनही मोलाचे वाटते. कारण निर्णयापूर्वी विरोध करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याच्या निर्णयोत्तर संमतीला किंमत ती कोणती?

पुढे 14 वर्षे वल्कले नेसून नंदिग्रामाहून त्याने कारभार केला व राज्यातील प्रत्येक प्रकरण पादुकांपुढे निवेदन केले. आता पादुका काही बोलत नाहीत. तेव्हा न्यायनिवाडा असो, फौजेची तजवीज असो की खजिन्याचा जमाखर्च, अखेरचा शब्द भरतालाच उच्चारावा लागला असणार. मुखत्यारी संपूर्ण, मालकी शून्य! राम परतल्यावर कोश, कोठार आणि सैन्य दसपट झाल्याचा ताळेबंद त्याने स्वतः सादर केला, आणि त्याचे श्रेयही रामाच्याच तेजाला दिले.

समर्पणाने मनुष्याची जबाबदारी विलीन होते काय, हा या कथेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे, आणि त्याचे विपरीत उत्तर पाहावयाचे असेल तर कुरुसभेत जावे. तेथे द्रौपदीच्या प्रश्नावर, धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढे सांगून भीष्म थांबले. त्यांच्या निष्ठेविषयी संशय घेण्याचे कारण नाही. संशय आहे तो, सिंहासनाशी प्रतिज्ञेने बांधून घेतलेल्या पुरुषाने आपली सदसद्विवेकबुद्धीही त्याच सिंहासनापाशी गहाण ठेवावी काय, याविषयी. त्याच सभेत, त्याच घरचे अन्न खाणारा दासीपुत्र विदुर मात्र स्पष्ट बोलला. कुरुकुलाचा खरा सेवक कोण, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

पुराणपुरुषांची उदाहरणे व्यवहाराला लागू पडत नाहीत, अशी ज्यांची तक्रार असेल त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे चरित्र पाहावे. संभाजी महाराजांच्या वधानंतर 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा महाराष्ट्रातील राज्यकारभार पंतांवर सोपवून त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देण्यात आला. छत्रपती शेकडो कोस दूर, पुढे जिंजीसही मोगलांचा वेढा, आणि इकडे खुद्द औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. अशा काळात प्रत्येक बाबतीत हुजुरातून हुकूम येण्याची वाट पाहणारा कारभारी राज्य बुडवूनच थांबला असता. पंतांनी शंकराजी नारायणांच्या साहाय्याने गड झुंजविले, संताजी-धनाजींसारख्या सेनानींच्या मोहिमांना पाठबळ दिले, आणि निर्णयांची जोखीम स्वतःच्या शिरावर घेऊनही सत्तेवरील शिक्का धन्याचाच राखला. त्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त, राजाच्या मदाला आवर घालणे हेही प्रधानाचे कर्तव्य मानले आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. 1698 मध्ये राजाराम महाराज महाराष्ट्रात परतले, तेव्हा आपले राज्य त्यांना आपल्या अमात्याकडून मागून घ्यावे लागले नाही.