दाराचा दोष

१९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. ती मुख्यत्वे डेंग्यू व चिकुनगुन्या यांची होती. परंतु दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणु-संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांस एक तिसराच, तोवर अज्ञात असलेला विषाणू सापडला. त्यास त्यांनी नागपूरकडील एका गावावरून ‘चांदीपुरा’ हे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी वास्तपुस्त कोणी केली नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा त्याचे खरे स्वरूप लोकांस कळले. २००७ साली त्याने विदर्भातील मुलांस गाठले, २०२४ साली गुजरातेतील. सकाळी अंगणात खेळणारे मूल तापाने फणफणते, त्यास झटके येतात, आणि एक-दोन दिवसांत सर्व आटोपते. त्यावर अद्यापि खास असे औषध नाही.

असे मूल गेले म्हणजे भेटीस आलेले आप्तेष्ट प्रथम हळहळतात, आणि मग हलक्या आवाजात विचारतात, ‘उघड्यावर निजविले होते काय?’ विचारणाराच्या मनात दुष्टावा असतो असे नव्हे. दोष कोणाचा तरी असलाच पाहिजे, नाही तर हेच संकट उद्या आपल्याही घरी येईल, ही भीती त्याच्याकडून तसे वदविते. परंतु ज्याचे दार फसवून उघडविले गेले त्याच्याकडे दोष जातो काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आणि या विषाणूच्या प्रवेशाची रीत जो जो पाहावी तो तो तो अधिकच बोचू लागतो.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती जे पटल असते ते विटामातीच्या भिंतीसारखे नसते. स्निग्ध द्रव्यांच्या दोन थरांचा तो पातळ पापुद्रा होय. पाण्यावरील तेलाच्या तवंगासारखा वाहता व लवचीक. म्हणूनच त्यास आत वळून अन्नाचा कण वेढता येतो, आणि फाटल्यावाचून दुसऱ्या पापुद्र्याशी एकजीव होता येते. चांदीपुरा विषाणू आकाराने बंदुकीच्या गोळीसारखा असून त्याच्या अंगावरही असेच स्निग्ध वेष्टन असते. हे वेष्टन त्याने स्वतः विणलेले नसते. ज्या पेशीत तो जन्मतो, तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून तो बाहेर पडतो. त्यावर स्वतःचे काटे तेवढे रोवून घेतो. पेशी त्यास इतर कणांप्रमाणे एका पिशवीत घालून आत ओढते. पिशवीतील रस आंबट होऊ लागला की काट्यांचे रूप पालटते, त्यांची टोके पिशवीच्या पटलात रुततात, दोन्ही पापुद्रे जवळ खेचले जातात. प्रथम बाहेरचे थर मिसळतात, मग आतले. मध्ये छिद्र पडते आणि विषाणूचा ऐवज पेशीत उतरतो. याच वंशातील, गुरांच्या तोंडास फोड आणणाऱ्या विषाणूवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, पिशवीच्या पटलातील काही स्निग्ध द्रव्ये या मिलनास साह्यच करितात.

याच विषाणूचे दार कोणते, याचा शोध २०१३ साली लागला. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारे मेदकण ज्या दाराने पेशी आत घेते, तेच ते दार. तर मग ते बंदच का असू नये? पण ज्यांच्या पेशींवर हे दार जन्मतःच नसते किंवा बिघडलेले असते, त्यांच्या रक्तात मेद साचत जातो व ऐन तारुण्यात, क्वचित बालपणीही, हृदयविकार त्यांस गाठतो.

डेंग्यूचा विषाणू तर याहूनही वाईट खेळ खेळतो. निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचे एक स्निग्ध द्रव्य पटलाच्या आतल्या थरात राखून ठेविते. मरताना ते बाहेरच्या थरात येते. ती खूण पाहून शेजारच्या पेशी पुढे होतात व मृत पेशीस पोटात घेऊन तिची विल्हेवाट लावितात. गल्लीत कोणी गेले की शेजाऱ्याने न बोलावता खांदा द्यावा, तशातलाच हा प्रकार. डेंग्यूचा विषाणू तीच खूण अंगावर घेऊन येतो. तो जणू प्रेताचे सोंग करितो, आणि खांदा देण्यास धावलेल्याच्याच घरात शिरतो.

विषाणूस हेतू नाही, तेव्हा त्यास कपटी म्हणणे ही केवळ आपली भाषा, हे मी जाणतो. परंतु फसणाऱ्याविषयी आपण जो निवाडा देतो, तो मात्र सर्वस्वी आपलाच. सीतेची गोष्ट घ्या. यतिवेष धारण करून रावण दारी आला आणि तिने त्याचे अतिथी म्हणून स्वागत केले, एवढेच वाल्मीकींच्या काव्यात आहे. लक्ष्मणाने आखलेली ती प्रसिद्ध रेषा तेथे नाही. ती मागाहूनच्या कथाकारांची. ती का आखावीशी वाटली असेल? मला वाटते, सीता जर एखादी मर्यादा ओलांडून गेली असेल तर आपणांस हायसे वाटते. मग तो अपघात तिच्या चुकीचा ठरतो, आतिथ्याचा नव्हे. घटना घडून गेल्यावर उंबऱ्याबाहेर रेषा आखण्याची ही सवय आपल्या घरोघर आहे.

यावर कोणी म्हणेल की, असे मानले तर सावधगिरीस अर्थच उरत नाही. तसे नाही. चांदीपुरा पसरविणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या ओलसर कोपऱ्यांत वाढते. त्या भेगा लिंपाव्यात, फवारणी व्हावी, मुलांवर मच्छरदाणी असावी. पण मातीच्या घरात राहणारा मनुष्य काही भेगांच्या हौसेने तेथे राहत नाही, आणि भेग बुजवा असे सांगणे निराळे व मूल गेलेल्या आईस भेगेचा जाब विचारणे निराळे. पहिले काम नगरपालिकेचे व आरोग्यखात्याचे आहे. दुसरे कोणाचेच नाही.

आणि चांदीपुऱ्याने तरी काय केले होते? रोगांस गावांची किंवा देशांची नावे देऊ नयेत, त्यामुळे तेथील लोकांस बट्टा लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जाहीर केले. चांदीपुऱ्याचे नाव तोवर पन्नास वर्षे त्या विषाणूस चिकटलेले होते.