गॅलरीचा सूर कुणाच्या मालकीचा?

२०२०-२१ च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ३८० सामने झाले. त्यांतले १४४ यजमानांनी जिंकले आणि १५३ पाहुण्यांनी. इंग्लंडची लीग १८८८ साली सुरू झाली. तेव्हापासून वरच्या श्रेणीत पाहुण्यांच्या विजयांची बेरीज यजमानांपेक्षा जास्त भरण्याची ही पहिलीच वेळ होती. मैदानं तीच होती, प्रवास पाहुण्यांनाच करावा लागत होता, कपडे बदलायच्या खोल्याही जुन्याच होत्या. करोनामुळे बहुतेक सामन्यांना फक्त प्रेक्षक नव्हते. ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर लीगचे सलग ६८ सामने न हरलेला लिव्हरपूलचा संघ त्याच ॲनफिल्डवर ओळीने सहा सामने हरला. त्यांचे बचावपटू जायबंदी होते हे खरं, पण सहा पराभवांचं सगळं ओझं दुखापतींवर टाकता येत नाही. त्याआधी, १६ मे २०२० ला जर्मनीची लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीतल्या नऊ सामन्यांपैकी एकच यजमान संघ जिंकला होता.

त्या काळात टीव्हीवर गर्दीचा आवाज मात्र ऐकू येत होता. संगणकावरच्या फुटबॉलच्या खेळासाठी साठवलेलं ध्वनिमुद्रण वाहिन्या सामन्याखाली सोडत होत्या. गोल झाला की कुणीतरी बटण दाबायचं आणि आरोळी उठायची. घरी बसलेल्यांची सोय झाली. मैदानावरच्या खेळाडूपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

गर्दीचा सूर नेमकं काय करतो, याचा अभ्यास त्याआधीच झालेला होता. ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस प्रशिक्षित पंचांना ॲनफिल्डवरच्या एका सामन्यातल्या झटापटींची चित्रफीत दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. २००७ मध्ये कातानियातल्या दंगलीत एका पोलिसाचा जीव गेला आणि इटलीत सुरक्षेचे निकष न पाळणाऱ्या मैदानांवर प्रेक्षकांविना सामने झाले. त्या सामन्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन स्वीडिश अर्थतज्ज्ञांनाही हेच दिसलं: खेळाडूंच्या खेळात फारसा फरक पडला नव्हता, पंच मात्र बदलले होते. गर्दी असली की पाहुण्यांना शिक्षा जास्त होत होती.

हे वाचून गाण्यावर प्रेम असणाऱ्या माणसानं अस्वस्थ व्हायला हवं. ज्याला आपण ‘वातावरण’ म्हणतो ते एका माणसाच्या न्यायबुद्धीवर हजारोंनी टाकलेलं दडपण असेल, तर त्याचा अभिमान कशासाठी बाळगायचा? माझं म्हणणं असं आहे की गुणतक्त्यावर पडणारा प्रभाव हा गाण्याचा जोडपरिणाम आहे आणि त्याच्यावरून गाण्याची किंमत ठरवणं ही मोठी चूक आहे. क्लब हीच चूक करतात. प्रेक्षकांना ‘बारावा खेळाडू’ म्हणून जाहिरातीत वापरतात आणि मग त्याच बाराव्या खेळाडूकडून पैसे घेतात.

ती किंमत दुसरीकडे दिसते. १३ मार्च २०१६ ला जर्मनीत डॉर्टमुंडमध्ये माइन्झविरुद्ध सामना चालू होता. प्रेक्षकांपैकी दोघांची प्रकृती अचानक बिघडली. त्यातला एक वयस्कर माणूस हृदयविकारानं दगावला. बातमी स्टँडमध्ये पसरली तसं गाणं बंद झालं, ढोल थांबले. डॉर्टमुंड जिंकत होता, पण उत्तरार्ध जवळजवळ शांततेत गेला. सामना संपल्यावर सगळं मैदान एकत्र ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ गायलं. त्या गाण्यानं कुणावर दडपण आणायचं नव्हतं. शिट्टी वाजून गेली होती, निकाल लागला होता. ज्या माणसाचं नाव बहुतेकांना ठाऊकही नव्हतं त्याला आपलं मानायला हजारो लोक थांबले होते. घरचं मैदान म्हणतात ते हे. कुणाचं तरी तिथं असणं आणि नसणं बाकीच्यांना जाणवतं, म्हणून ते घर.

हे गाणं मूळचं फुटबॉलचं नाही. १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकी संगीतिकेतलं ते. लिव्हरपूलच्याच ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या बँडनं १९६३ मध्ये ते नव्यानं गायलं आणि इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं. ॲनफिल्डच्या ध्वनिक्षेपकावर सामन्याआधी त्या वेळची गाजणारी गाणी लागायची. गोलामागच्या ‘कॉप’ या स्टँडमधली माणसं ती उचलायची. यादीतून गाणी उतरत गेली, हे मात्र गर्दीनं सोडलं नाही.

‘कॉप’ हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून आलेलं. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथं लिव्हरपूलकडचे कितीतरी तरुण मारले गेले. त्यांची आठवण म्हणून १९०६ मध्ये एका स्थानिक पत्रकारानं नव्या उंच स्टँडला हे नाव सुचवलं. त्याच टेकडीवरून जखमींना डोल्यांवर वाहून आणणाऱ्यांत नाताळमधलं भारतीय पथक होतं, आणि त्यात मोहनदास गांधी होते. लिव्हरपूलच्या त्या नावात आपल्याही माणसांच्या खांद्यांचा भार आहे, हे माझ्या मनातून जात नाही.

गर्दीनं गाणी उचलायची म्हणजे काय, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. तेव्हाच्या कॉपमध्ये सुमारे २८ हजार माणसं उभी राहत. तिकीट स्वस्त, जागा ठरलेली नाही, म्हणून चांगली जागा पकडायला पोरं काही तास आधी येत. त्या रिकाम्या वेळात करायला दुसरं काही नसे. अंगाला अंग लागलेलं, शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तेव्हा आपला बेसूर आवाजही लपून जातो आणि माणूस निर्धास्त गातो. सूर सहसा गोलाच्या बरोबर मागं, मधोमध उभ्या असलेल्या थोड्या जणांकडून उठतो आणि कडांकडे सरकतो. आवाजाला शंभर मीटर जायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, त्यामुळं मोठ्या स्टँडच्या दोन टोकांना लय कधीच तंतोतंत जुळत नाही. घाईची, तुटक शब्दांची चाल त्या फरकात विस्कटते. लांबवलेले स्वर, संथ गती, हळूहळू चढत जाणारी चाल असेल तर तोच फरक सुराला रुंदी देतो. वारीच्या दिंडीत पुढच्यांचा अभंग मागच्यांपर्यंत उशिरा पोचतो आणि तरी मोडत नाही, तसंच हे. ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ टिकलं त्यात भावनेइतकाच त्याच्या चालीचाही वाटा आहे. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’नं १९६४ मध्ये कॉपचं चित्रण केलं, त्यात हजारो माणसं बीटल्सची गाणी म्हणत एका अंगानं डोलताना दिसतात. पुढं उभा राहून हातवारे करणारा कुणी नाही.

मग १५ एप्रिल १९८९ आला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे लोखंडी जाळ्यांच्या कोंडवाड्यात चिरडले गेले. त्यात गेलेल्यांची संख्या आज ९७ मोजली जाते. कितीतरी वर्षं दोष त्यांच्याच माथी मारला गेला. २०१६ च्या चौकशीत ज्यूरीनं स्पष्ट सांगितलं की हे बेकायदा मारणं होतं आणि पाठीराख्यांच्या वागण्याचा त्यात दोष नव्हता. पोलिसांनी प्रवेशाचं आणि गर्दीचं नियंत्रण गमावलं होतं. पण या दुर्घटनेच्या चौकशीवरच्या १९९० च्या टेलर अहवालानंतर मोठ्या मैदानांवर उभं राहणंच बंद झालं. ३० एप्रिल १९९४ ला उभ्या कॉपनं शेवटचा सामना पाहिला. पुढं तिथं बारा हजारांवर खुर्च्या बसल्या.

खुर्च्यांनी जीव वाचवले असतील, त्याबद्दल वाद घालायची माझी इच्छा नाही. ज्या घरातलं माणूस हिल्सबरोहून परतलं नाही त्या घराला गाण्याचं कौतुक सांगणं क्रूरपणाचं होईल. पण खुर्च्यांबरोबर जे आलं त्याचा सुरक्षिततेशी संबंध नव्हता. टेलर यांनी तिकिटं महाग करा असं म्हटलं नव्हतं, क्लबांनी ती केली. शाळकरी पोरांची टोळी खिशातल्या पैशांवर येऊन एकत्र उभी राहायची, तिला आता आधी नोंदवलेल्या, एकमेकांपासून लांबच्या खुर्च्या मिळू लागल्या, किंवा मिळेनाशा झाल्या. गाणं शिकवणारे आणि शिकणारे शेजारी उरले नाहीत. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलनं ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केल्याच्या निषेधार्थ संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो पाठीराखे उठून निघून गेले. तेव्हा लिव्हरपूल २-० नं पुढं होता. सामना २-२ असा सुटला. त्यात कार्यकारणभाव शोधायची गरज नाही. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागं घेतली, हे अधिक महत्त्वाचं.

जर्मनीनं वेगळी वाट धरली. तिथं कठडे सुधारले, प्रवेशावर नियंत्रण आणलं आणि उभं राहणं ठेवलं. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये लीगच्या सामन्याला जवळजवळ २५ हजार लोक उभे असतात, तेही इंग्लंडच्या तुलनेत फार कमी पैशांत. १९९८ पासून जर्मन लीगमध्ये असा नियम आहे की क्लबातल्या मतांचं बहुमत सभासदांकडे राहिलंच पाहिजे, काही अपवाद सोडून. त्यामुळं गाणारा माणूस तिथं गिऱ्हाईक असतो तसाच मतदारही असतो. २०१२ च्या अखेरीस सुरक्षेच्या नव्या कडक नियमावलीविरुद्ध देशभरच्या पाठीराख्यांनी प्रत्येक सामन्याची पहिली १२ मिनिटं १२ सेकंद तोंडातून आवाज काढला नाही. टीव्हीवर ते ऐकताना सामना सरावासारखा वाटायचा. नियमावली तरीही १२ डिसेंबरला मंजूर झाली. पण अकरा वर्षांनी लीगच्या प्रसारण-उत्पन्नात खासगी गुंतवणूकदार आणायचं ठरलं, तेव्हा पुन्हा तेच मौन आणि मैदानावर टेनिसच्या चेंडूंचा पाऊस. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं तो व्यवहार सोडून दिला. क्लब जो आवाज स्वतःचा म्हणून विकत होते, तो त्यांचा नव्हता, हे त्या बारा मिनिटांत सगळ्यांना ऐकू आलं. इंग्लंडनंही जानेवारी २०२२ पासून, कठड्यांच्या मजबूत व्यवस्थेत, उभं राहायला परत वाट करून दिली आहे. हिल्सबरोनंतर त्यासाठी तीस वर्षांहून अधिक थांबावं लागलं.

गर्दीच्या गळ्यातून विषही येतं. कृष्णवर्णीय खेळाडूंना उद्देशून माकडाचे आवाज काढणारी गर्दी हीच. फुटबॉलपटू ज्यात दगावले त्या १९५८ च्या म्युनिकच्या विमान अपघातावर, हिल्सबरोच्या मृतांवर प्रतिस्पर्ध्यांनी गाणी रचली आणि वर्षानुवर्षं म्हटली. अंगाला अंग लागलं की बेसूर आवाज लपतो तसा नीचपणाही लपतो. इंग्लंडमध्ये आता अशा घोषणांवर मैदानबंदी आणि खटले होतात, ते व्हायलाच हवेत. पण चित्रफितीतून एक चेहरा ओळखून काढणं वेगळं आणि गाणं उठताच शेजारच्या दहांनी न म्हणणं वेगळं. दुसरी गोष्ट तिथंच घडते जिथं माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. दर सामन्याला बदलणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीत कुणाला कुणाची लाज नसते.

आपल्याकडचा अनुभवही याच दिशेनं बोट दाखवतो. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. सुनील छेत्रीनं तीन गोल केले आणि ते पाहायला २,५६९ माणसं होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं चित्रफितीतून विनंती केली: या, आमच्यावर टीका करा, ओरडा, पण मैदानात या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, पावसात भिजत लोक गात राहिले. एका भल्या माणसाच्या हाकेनं एक संध्याकाळ भरली. पण हाकेवर आलेली गर्दी सवयीची होत नाही. पुढं करोनात इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर बंद दारांआड झाला, तेव्हा वेळापत्रकात ‘यजमान’ लिहिलेल्या बहुतेक संघांचं घर शेकडो मैल दूर होतं.

सवयीची गर्दी महाराष्ट्रात कोल्हापुरात आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. शाहू स्टेडियमवर उतरणारा पोरगा गॅलरीतल्या निम्म्यांनी गल्लीत खेळताना पाहिलेला असतो, त्यामुळं त्याच्यासाठी ओरडायला कुणाला निमंत्रण लागत नाही. डॉर्टमुंडला जे नियमानं जपावं लागतं ते इथं आपसूक आहे. हाणामारी आणि हुल्लडबाजीनं सामने थांबवायची वेळही इथंच आली आहे, आणि दर वेळी चर्चा बंदोबस्त आणि बंदीपाशी येऊन थांबते. त्याऐवजी तालमींच्या ज्येष्ठ समर्थकांना संयोजनात अधिकारानं बसवावं, गोलामागच्या गॅलऱ्या पक्क्या कठड्यांसह उभं राहण्यासाठी राखाव्यात, दर शाळकरी पोराला परवडेल असा ठेवावा, आणि सामन्याआधीचा तासभर ध्वनिक्षेपकाचे कर्णे पूर्ण बंद असावेत. कर्णा वाजत असेपर्यंत गॅलरीतल्या कुणालाच पहिली ओळ उचलता येत नाही.