गटाराचा हायकू

हायकूचे नियम मी वस्तीतल्या पोरांना अर्ध्या तासात सांगतो. तीन ओळी, जपानीतली पाच-सात-पाचाची मोजणी, ऋतूचा शब्द. खरा पेच पुढंच. पोरगी घरात शिरलेल्या गटारावर लिहिते. शिकलेला मास्तर म्हणतो, गटार खोड, मोगरा घाल. ह्याला शिकवणं म्हणायचं की चोरी? मी चोरीच म्हणतो. तिचा पावसाळा गटारातूनच येतो, म्हणजे ऋतूचा शब्द तिनं बरोब्बर हेरलाय. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या इस्सानं (१७६३-१८२८) उवा-पिसवांवर हायकू लिहिले. जपाननं ते डोक्यावर घेतले. मग आमच्या गटारानं कुणाचं घोडं मारलं?

पण नुसतं गटार म्हटलं की हायकू झाला, असंही नाही. ‘अन्याय’ हा शब्द मीही तिला काढायला सांगतो. (घोषणांना सरावलेल्या आपल्या जिभेला हे जड जातं.) मग विचारतो, पाणी चढलं तेव्हा आधी काय तरंगलं गं?